पन्नास नंबरपासून

हिऱ्याचे पॅड म्हणून मामांनी जे हातात ठेवलं, त्यात हिरा कुठे दिसेना. चार इंची, रबरासारखी वाकणारी चकती. पुढे प्लॅस्टिकसारखे उंचवटे, त्यांच्यामधून पाणी वाहायला पन्हळी, मागे वेल्क्रो. अशा सात चकत्या: 50, 100, 200, 400, 800, 1500 आणि 3000. वर एक काळा बफ. प्रत्येकीचा रंग निराळा, आणि दुसऱ्या कंपनीचा संच घेतला की तेच रंग भलत्याच नंबरांना. मी रंग पाठ करत बसले होते. मामा म्हणाले, “ताई, रंग बघू नका, मागचा नंबर वाचा.”

पुण्यातल्या एका ग्रॅनाइटच्या गाळ्यावर मी हे काम शिकायला जाते. मामा तिथले पॉलिशचे मिस्त्री. गाळ्यावर सगळे त्यांना मामाच म्हणतात, मीही म्हणू लागले.

नंबर चढत जातो तसा कण बारीक होतो, हे डोक्यात बसायलाच वेळ लागला. 50 नंबरच्या पॅडमधला कण साधारण 0.3 मिलिमीटरचा, 3000 मधला जेमतेम काही मायक्रॉनचा. हिरा खरा असतो, पण खाणीतला नसतो. अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत डिसेंबर 1954 मध्ये प्रचंड दाब आणि उष्णता देऊन हिरा तयार करण्यात यश आलं. आज दगडकामात वापरतात ती पूड अशी कारखान्यात बनलेली असते, आणि पॅडमध्ये ती रेझिनमध्ये कालवलेली असते. रेझिन झिजतं तसे आतले नवे कण वर येतात. पॅड झिजतो म्हणूनच तो कापतो, हे कळलं तेव्हा त्या साध्या दिसणाऱ्या चकतीबद्दल मला फार आदर वाटला.

माझ्यापुढे काळ्या ग्रॅनाइटची ओट्याची पट्टी होती. (बाजार याला ग्रॅनाइट म्हणतो; भूशास्त्राच्या हिशेबात असे बरेच काळे दगड डोलेराइट किंवा गॅब्रो निघतात.) वरची बाजू कारखान्यातूनच आरशासारखी आलेली, कापलेली कड मात्र राखाडी, ब्लेडच्या रेघांनी भरलेली. ती कड वरच्या बाजूइतकी काळीभोर करायची होती. मला वाटलं होतं, चमक शेवटच्या पॅडने येत असेल, काहीतरी लावून. मामांनी मान हलवली. “चमक लावायची नसते. ओरखडे काढायचे असतात.”

सगळं काम या वाक्यात आहे. 50 नंबर ब्लेडच्या रेघा खातो आणि स्वतःच्या रेघा सोडतो. 100 नंबरने त्या काढायच्या, त्याच्या 200 ने. 400 पर्यंत दगड मंदच राहतो आणि नवशिक्याचा धीर इथेच सुटतो. 800 ला कडेत ट्यूबलाइटचा पुसट पट्टा उमटतो, 1500 ला त्याला धार येते. पण 50 ची एखादी रेघ खाली राहिली असेल, तर ती 3000 नंतर पांढऱ्या केसासारखी उठून दिसते. मग वर कितीही घासा, ती जात नाही. परत खाली उतरावं लागतं. म्हणून मामांचा सर्वांत जास्त वेळ पहिल्या तीन पॅडवर जातो. शेवटचे पॅड भराभर होतात.

आणि ओल्या दगडावर विश्वास ठेवायचा नाही. पाणी रेघांमध्ये भरतं आणि 200 नंबरची कडही चकचकीत दिसते. प्रत्येक पॅडनंतर मामा कड धुतात, फडक्याने कोरडी करतात, खाली वाकून तिरप्या उजेडात बघतात. मग नखाने चाचपतात. पुढचा नंबर त्यानंतरच.

हाताचं वळण वेगळंच शिकावं लागतं. पॅड सपाट टेकवायचा, धारेवर उभा करायचा नाही, आणि एका जागी थांबायचं नाही. थांबलं की खळगा पडतो, आणि चमक आल्यावर त्यातला ट्यूबलाइट वाकडा दिसतो. यंत्रही नेहमीचं चालत नाही. कटिंगचा साधा चार इंची ग्राइंडर मिनिटाला 10,000 हून जास्त फेरे घेतो. ओल्या पॅडना साधारण 4,000 च्या आसपासच थांबावं लागतं. त्यापुढे रेझिन जळतं. फिक्या दगडावर तर त्याचा रंगही उतरतो, म्हणून पांढऱ्या दगडाला काळा बफ लावत नाहीत, पांढराच लावतात.

पाणी पॅड थंड ठेवतं, राडा वाहून नेतं. पण मला सर्वांत मोलाचं वाटतं ते त्याचं तिसरं काम: धूळ उडू न देणं. लाल-करड्या ग्रॅनाइटमध्ये क्वार्ट्झ, म्हणजे सिलिका, भरपूर असतो. त्याची बारीक धूळ फुप्फुसात बसली की सिलिकोसिस होतो, आणि तो बरा होत नाही. हल्ली हौसेने बसवतात त्या कृत्रिम क्वार्ट्झच्या ओट्यात सिलिका त्याहून कितीतरी जास्त. ऑस्ट्रेलियाने कामगारांच्या याच आजारामुळे 1 जुलै 2024 पासून त्या दगडावर बंदी घातली. आपल्याकडे मात्र “भिंतींवर शिंतोडे उडतील, कोरडंच मारा” असं सांगणारे घरमालक मी स्वतः ऐकले आहेत. मला त्याचा राग येतो. भिंत पुसता येते.

मामा त्यांच्याशी वाद घालत नाहीत. घरी काम असलं की आधी दोनच गोष्टी विचारतात: नळ कुठे आहे, आणि बोर्डाला ईएलसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच) आहे का, कारण ओल्या हातात विजेचं यंत्र धरायचं असतं. सोय नसेल तर माप घेऊन पट्टी गाळ्यावरच घासतात आणि घरी नुसती बसवतात.