री ओढणे

दुसऱ्याची री ओढण्यात माझी उभी नोकरी गेली, हे आधीच कबूल करतो. कारकुनाने दुसरे काय ओढायचे? पण माझी खरी गाठ पडली ती इंग्रजीतल्या ‘री’शी, आणि तीही नोकरीच्या कितीतरी आधी.

साल 1967. लालबागच्या चाळीत आमची एक खोली. बाबा गिरणीत साचेखात्यात. मी आठवीत. त्याच आठवड्यात इंग्रजीच्या मास्तरांनी फळ्यावर लिहिले होते : री म्हणजे परत. रीओपन, परत उघडणे. रीराइट, परत लिहिणे. आणि एका संध्याकाळी बाबांनी टोपीच्या घडीतला कागद माझ्यापुढे धरला.

“वाच. काय म्हणतात साहेब?”

मी अडखळत वाचू लागलो. ‘रिट्रेंच्ड’ या शब्दाशी गाडी अडली. पण त्यातली ‘री’ ओळखीची होती. दारात शेजारची चार माणसे कान देऊन उभी. त्यांच्यासमोर ‘येत नाही’ म्हणायला जीभ रेटेना.

“परत काहीतरी आहे, बाबा.”

“परत? म्हणजे परत बोलावलंय?”

“हो.”

दुसऱ्या दिवशी पहिल्या पाळीच्या भोंग्याला बाबा डबा घेऊन गेले. दरवाज्यावरच्या जमादाराने त्यांना परत पाठवले. आईने तो भरलेला डबा काही न बोलता उघडला. मला कोणीच रागावले नाही. तेच अधिक लागले.

पुढे एका कारखान्याच्या कचेरीत चिकटलो आणि ‘री’ची सगळी भावकी टेबलावर आली. रिव्हर्ट म्हणजे वरच्या पदावरून मूळ पदावर. रीइन्स्टेट म्हणजे काढलेल्याला पुन्हा त्याच जागी. रिझाइन मूळचा लॅटिन, मोहोर काढून रद्द करणे. रिट्रेंच फ्रेंचांकडचा, त्याच्या पोटात छाटणे आहे. मास्तर चुकले नव्हते. ‘री’ म्हणजे परतच. पण आपला ‘परत’ही दुतोंडी आहे. ‘परत कर’ म्हणजे पुन्हा कर की देऊन टाक? ‘री’चेही तसेच : कधी पुन्हा, कधी मागे.

कामासाठी 1947 चा औद्योगिक विवाद कायदा वाचावा लागला. 1953 साली त्यात कामगार-कपातीचे प्रकरण आले होते. महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, आणि नोकरीच्या दर पुऱ्या वर्षामागे पंधरा दिवसांचा सरासरी पगार. शिवाय मालकाने पुढे माणसे घेतली, तर कपात झालेल्यांना आधी संधी द्यायची. म्हणजे कायद्यात ‘पुन्हा’ होते! बाबांना मात्र कुणी बोलावले नव्हते. ते तेव्हा दादरला भाजी विकत. मी धावत जाऊन सांगितले.

मेथीच्या जुड्यांवर पाणी मारता मारता ते म्हणाले, “मग तू बरोबरच वाचलं होतंस की!”

2011 साली माझा कागद आला. रिटायर या शब्दाचा थकण्याशी काही संबंध नाही. फ्रेंच ‘तिरे’ म्हणजे ओढणे; री लावली की मागे ओढून घेणे. म्हणजे शेवटीही री ओढणेच! हार, नारळ, चार भाषणे झाली. संध्याकाळी डबा घेऊन घरी परत आलो. डबा रिकामा होता. एवढे भाग्य बाबांच्या वाट्याला त्या दिवशी आले नव्हते.