श्वास रोखायचा नाही...

पंचगंगेच्या घाटावर पाठीला डबा बांधून बाबांनी पोहायला शिकवलं, तेव्हा पहिला धडा एकच: पाण्यात तोंड गेलं की श्वास रोखायचा. चाळीस वर्षं तेच अंगवळणी.

परवा फोंडा घाट उतरून मालवणला गेलो. सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ (1987 पासून इथं सागरी अभयारण्य आहे) स्कूबा केलं. शिकवणारा म्हणाला, "काका, श्वास अजिबात रोखायचा नाही. वर येताना छातीतली हवा प्रसरण पावते, फुफ्फुसाला इजा होते."

कळलं, पण वळेना! दोनदा घाबरून वर आलो. तिसऱ्यांदा काळ्या पट्ट्यांच्या पिवळसर माशांचा घोळका थेट काचेसमोर... बघतच राहिलो. मग लक्षात आलं, श्वास चालू होता की!

घरी आल्यावर बाबांना सांगितलं. म्हणाले, "नदीत तसलं काय करू नको."