पौर्णिमेची ओहोटी

देवबाग, कार्तिक पौर्णिमा

आज पुन्हा देवबागच्या टोकाला, कर्ली नदी समुद्राला मिळते तिथे. एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला दर्या, मध्ये माडांची चिंचोळी पट्टी. पावसाळ्यात लाटांनी ओढून नेलेली वाळू परतू लागली आहे. बंधाऱ्याचे खालचे काळे दगड निम्मे बुजलेत. एका माडाची मुळं मात्र उघडीच आहेत, तांबूस, झिपऱ्यांसारखी लोंबणारी, आणि त्यांत निळ्या नायलॉनच्या जाळ्याचा तुकडा अडकलेला. आधी त्याचाच फोटो काढला. तिरप्या उन्हात मुळांचा धागान् धागा दिसत होता.

किनाऱ्याचे जुने-नवे फोटो शेजारी ठेवून ‘समुद्र केवढा आत आला!’ म्हणणं सोपं आहे. पण एक भरतीचा आणि दुसरा ओहोटीचा असेल, तर त्या तुलनेला काही अर्थ नाही. भरती रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते. इथे पौर्णिमा-अमावास्येला सूर्यास्ताच्या सुमारास ओहोटी असते, अष्टमीला त्याच वेळी पाणी चढलेलं. म्हणून माझ्या कॅमेऱ्याच्या पिशवीत पंचांग असतं. (मच्छीमारांना ते उघडावंही लागत नाही.) ऋतूही तोच हवा, आषाढातला खरवडलेला किनारा कार्तिकातल्या किनाऱ्याशी ताडून बघणं हा त्या गावावर अन्यायच.

तुमच्या घरी कोकणातल्या सहलींचे जुने फोटो असतील, तर त्यांच्या मागे गाव, तारीख आणि वेळ आजच लिहून ठेवा. तारखेवरून तिथी काढता येते.