घड्याळांच्या गावात मोडका काटा

स्वित्झर्लंड म्हटले की आपल्या पर्यटकाला बर्फाची शिखरे, निळी तळी आणि चॉकलेट आठवते. फ्रान्सच्या सरहद्दीलगत, ज्युरा डोंगरात सुमारे १,००० मीटर उंचीवर वसलेले ला शो-द-फों त्याच्या यादीत सहसा नसते. प्रथमदर्शनी हे शहर रूक्षच वाटते. सरळसोट रस्ते, एकीसारखी दुसरी इमारत. पण जरा मान वर करून पाहावे, तर खिडक्याच खिडक्या!

या खिडक्यांतच गावाचा इतिहास दडला आहे. १७९४च्या आगीत गावाचा मोठा भाग जळून खाक झाला. पुढे एकोणिसाव्या शतकात समांतर रस्त्यांची आखणी झाली, ती घरोघरी भरपूर उजेड यावा म्हणून. खिडकीशी बाक आणि बाकावर डोळ्याला भिंग लावून वाकलेला कारागीर. कुणी तबकड्या करी, कुणी केस, तर कुणी जन्मभर नुसते काटे. कार्ल मार्क्सने ‘दास कॅपिटल’मध्ये हे सारे गाव म्हणजे एकच मोठा कारखाना, असे वर्णन केले आहे. चंदिगडचा शिल्पकार ल कॉर्ब्युझिए याच गावी १८८७ साली जन्मला. वडील तबकड्यांवर इनॅमलचे काम करीत आणि तो स्वतः घड्याळाच्या केसांवरचे नक्षीकाम शिकला होता. आखीव शहराची आवड त्याला कुठून लागली असेल, याचा तर्क इथे फिरताना कुणीही करील!

शेजारचे ल लोक्ल आठेक किलोमीटरवर. २००९ साली युनेस्कोने या दोन्ही गावांना मिळून जागतिक वारशाचा दर्जा दिला. ल लोक्लमध्ये दानिएल झाँरिशार याचा पुतळा आहे. घोड्यांच्या एका व्यापाऱ्याचे बंद पडलेले घड्याळ या हुन्नरी पोराने दुरुस्त केले आणि तिथून डोंगरात हा धंदा सुरू झाला, अशी दंतकथा सांगतात. खरीखोटी देव जाणे. पण सुरुवात दुरुस्तीपासून झाली, हे सांगताना इथल्या लोकांना कमीपणा वाटत नाही.

मुंबईशीही ल लोक्लचे नाते आहे. इथे १७३७ पासूनचे मूळ सांगणाऱ्या फाव्र-ल्युबाने १८६५ मध्ये मुंबईत व्यापार सुरू केला. आपल्याकडच्या कित्येक कपाटांत आजोबांचे साखळीचे स्विस घड्याळ असते. बऱ्याचदा त्याचा एखादा काटा मोडलेला असतो. मग प्रश्न पडतो, काटा जोडावा की बदलावा?

जुन्या घड्याळांचे ते निळे काटे रंगवलेले नसतात. घासून चकचकीत केलेले पोलाद पितळेच्या किसावर ठेवून खालून स्पिरिटच्या दिव्याने तापवतात. ते आधी पिवळसर होते, मग तपकिरी, जांभळे आणि ३०० अंशांच्या आसपास गर्द निळे. त्याच क्षणी उचलायचे. क्षणभर उशीर झाला की रंग फिका पडतो आणि पुन्हा घासण्यापासून सुरुवात!

जोडण्यातली अडचण इथेच आहे. कथील-शिशाचे साधे सोल्डर २०० अंशांच्या आतच वितळते. त्यामुळे सांध्यापाशी उडालेला निळा रंग पुन्हा आणता येत नाही. चांदीचे सोल्डर उष्णता सोसते, पण ते स्वतः निळे होत नाही. काट्याच्या मधोमध पांढरी रेघ राहते. अलीकडे लेझरने जोडता येते, पण ते यंत्र प्रत्येक घड्याळजीकडे कुठून असणार?

म्हणून बहुधा काटा बदलतात. नवा काटा म्हणजे हाताला लागेल तो नव्हे. मिनिटकाट्याचे टोक मिनिटांच्या रेघांपर्यंत आणि तासकाट्याचे आकड्यांच्या आतल्या कडेपर्यंत पोचले पाहिजे. काट्याचे भोक तर मिलिमीटरच्या शंभराव्या भागात मोजतात. ते लहान असले तर मागच्या बाजूने हलक्या हाताने वाढवता येते. सैल असले तर आत बारीक कडी बसवावी लागते. फार जुन्या घड्याळांत मिनिटकाट्याचे भोक चक्क चौकोनी असते. जुळणारा काटा मिळालाच नाही, तर शिल्लक काट्यावरून नक्षी उतरवून पोलादाच्या पत्र्यातून नवा कापायचा.

धोका मात्र काढण्या-बसवण्यातच अधिक. इनॅमलची तबकडी चिनी मातीच्या बशीसारखी तडकते आणि तडा काही भरून येत नाही. स्क्रू-ड्रायव्हरने काटा उचकटणारा घड्याळजी दिसला, तर घड्याळ खिशात घालून सरळ घरी यावे. जाणकार तबकडीवर पातळ कागद ठेवतो आणि दोन्ही बाजूंनी सारखा जोर देऊन काटा उचलतो.

१९७०च्या दशकात क्वार्ट्झ घड्याळे आली आणि स्वित्झर्लंडमधील या धंद्यातले सुमारे ९०,००० रोजगार पुढच्या पंधरा-एक वर्षांत ३०-३५ हजारांवर आले. पुष्कळशी बाके रिकामी झाली. हातात कसब असलेली माणसे तेव्हापासून मोलाची ठरली. ला शो-द-फोंमध्ये १९७४ साली उघडलेल्या, जमिनीखाली बांधलेल्या घड्याळ संग्रहालयात जुन्या घड्याळांच्या जीर्णोद्धाराचा स्वतंत्र विभाग आहे.

न्यूशातेलहून रेल्वेने अर्ध्या तासाच्या आसपास इथे पोचता येते. आजोबांचे घड्याळ मात्र आधी गावातल्या चांगल्या घड्याळजीला दाखवावे. मोडलेला तुकडा कागदाच्या पुडीत सोबत न्यावा. नव्या काट्याची लांबी आणि घाट ठरवताना तोच कामी येतो. आणि काम झाल्यावर ती पुडी आठवणीने परत मागून घ्यावी.