अंदमानचा शेवटचा दिवस, फक्त दोघांचा

सहलीच्या शेवटच्या दिवशीही यादी हातात धरून तुम्ही दोघं धावपळ करता का? मग घरी सामानाबरोबर थकवाही येतोच. अंदमानला जाणार असाल, तर शेवटचा दिवस मुद्दाम मोकळा ठेवा.

त्याला कारणही आहे. समुद्र खवळला तर हॅवलॉकहून म्हणजे स्वराज द्वीपहून सुटणाऱ्या बोटी रद्द होऊ शकतात. म्हणून विमानाच्या आदल्या दिवशीच पोर्ट ब्लेअरला, म्हणजे आताच्या श्री विजयपुरमला परता. स्कूबा डायव्हिंगही आधीच उरका. त्यानंतर विमानात बसण्यापूर्वी १८ ते २४ तास जाऊ द्यावे लागतात.

मग उरतो निवांत दिवस. सकाळी उशिरा उठा. नारळपाणी पीत अबर्डीन बाजारात फिरा. किनाऱ्यावरचे शंख, प्रवाळ मात्र आठवण म्हणून उचलू नका, तिथे त्याला बंदी आहे.

दुपारी चिडिया टापूला निघा. शहरापासून साधारण २५ किलोमीटर. चारपर्यंत पोहोचाच, कारण इथे सूर्य मुंबईच्या तासभर आधी मावळतो. डिसेंबरात तर पाचच्या सुमारास!

फोटो एखादाच काढा आणि मोबाइल पर्समध्ये टाका. ऑफिस, हप्ते, मुलांच्या परीक्षा यांच्या गडबडीत ‘नंतर बोलू’ म्हणून राहिलेलं काहीतरी प्रत्येक घरात असतं. ते इथे बोला. काही सुचलं नाही, तर नुसतं शेजारी बसा. अंधार पडला की सावकाश परता, बॅग रात्रीही भरता येते.