आतली बाजू

गंज बाहेरून दिसायला लागतो तेव्हा त्याचं आतलं काम बहुतेक उरकलेलं असतं. दाराच्या खाली, मागच्या चाकाच्या जरा अलीकडे, रंगाला दोन-चार बारीक फोड येतात. नखाने टोकरलं की खपली निघते, तपकिरी पूड गळते. मग टोच्या नुसता टेकवावा, तो मुठीपर्यंत आत जातो. कोकणातल्या जुन्या घराच्या वाशाला वाळवी लागावी तसं हे. वरची साल जागच्या जागी, आणि आत सगळी माती.

मी सांगतोय ते एमजीबीबद्दल. आज पुण्या-मुंबईत एमजी म्हटलं की गुजरातेत हालोलला तयार होणारी उंच हेक्टर डोळ्यांपुढे येते. पण एमजी, म्हणजे मॉरिस गॅरेजेस, हे नाव मुळात ऑक्सफर्डचं. त्या नावाची ही बुटकी, दोन माणसांची, उघड्या टपाची गाडी 1962 पासून 1980 पर्यंत तिथून जवळच ॲबिंग्डनला तयार होत होती. तिचं बंद छपराचं भावंड, जीटी, धरून पाच लाखांहून जास्त गाड्या निघाल्या. बऱ्याचशा अमेरिकेला गेल्या. मी राहतो त्या इंग्लंडात उरलेल्यांच्या वाट्याला इथले हिवाळे आले.

इथला हिवाळा म्हणजे मीठ. चेशरमध्ये विन्सफर्डला मिठाची खाण आहे, 1844 पासूनची. सुमारे 22 कोटी वर्षांपूर्वी आटून गेलेल्या पाण्याचं ते मीठ थंडीत रस्त्यांवर बर्फ धरू नये म्हणून पसरतात. चाकं ते उडवतात आणि ते पुढच्या चाकामागच्या आडोशाच्या पत्र्यावर आदळतं. त्या पत्र्याच्या कडेला रबर असतं. रबर सुकून तडकलं की मिठाचा चिखल त्याच्या मागे जाऊन बसतो आणि महिनोन्‌महिने ओला राहतो. लोखंडाला गंजायला पाणी आणि हवा पुरते. मिठाच्या पाण्यातून वीज सहज वाहते, म्हणून गंजण्याचा वेग वाढतो. शिवाय गंजाला लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते. दोन पत्रे दाबून जोडलेले असतात तिथे तो फुगतो, सांधा उकलतो, उकललेल्या सांध्यात आणखी पाणी शिरतं. ॲल्युमिनियमवर चढलेला थर खालच्या धातूला राखतो. लोखंडाचा गंज राखत नाही. सुटून पडतो आणि खालचं ताजं लोखंड उघडं टाकतो.

या गाडीत दाराखालच्या भागाला, सिलला, फार मोल आहे. आधीच्या एमजीएला खाली वेगळी चासी होती. एमजीबीला ती नाही, बॉडी हाच सांगाडा. त्यात डोक्यावर छप्पर नाही. मग इंजिनाकडची बाजू आणि मागची बाजू एकमेकींना धरून ठेवायची कुणी? दोन सीटांच्या मधल्या पत्र्याच्या बोगद्याने आणि दोन्हीकडच्या सिलनी. सिल एका पत्र्याची नसते. बाहेरचा पत्रा, आतला पत्रा, दोघांच्या मध्ये उभा तिसरा आणि खालून त्यांना धरणारी दातेरी पट्टी, अशी ती पेटी आहे. आपल्याला दिसते ती फक्त बाहेरच्या पत्र्याची मधली पट्टी. तिची दोन्ही टोकं पुढच्या-मागच्या मडगार्डांच्या आत दडलेली असतात आणि गंज धरतो तोही तिथेच. म्हणून सिल नीट बदलायची तर मडगार्डाचा चांगला दिसणारा खालचा भाग कापावा लागतो. इथेच बहुतेकांचा हात थांबतो. जुन्या सिलवर नवा पत्रा बसवायचा, कडेने टाके मारायचे, लांबी भरायची, पाणी पेपर मारून रंग द्यायचा. गाडी दोन दिवसांत तयार. आतला गंज आत तसाच, आता अंधारात.

माझे मामा कोल्हापुरात उद्यमनगरात जन्मभर डेंटिंगचं काम करत आले. मिडलँड्समधल्या माझ्या अरुंद गॅरेजमध्ये मी पहिल्यांदा सिल उघडायला बसलो तेव्हा व्हिडिओ कॉलवर ते होते. चित्रात त्यांना रस नव्हता.

“फोन खाली ठेव. पत्र्याजवळ. आन् वाजीव.”

मी हातोडीच्या दांड्याने पुढून मागे वाजवत गेलो. दाराच्या मधोमध आवाज खणखणीत, मागच्या चाकाकडे सरकलो तसा भदभद.

“थांब. तितनं एक वीत अलीकडं ये. हां, हितं खूण कर. हितनं काप.”

“मामा, इथे पत्रा चांगला दिसतोय.”

“दिसू दे की. चांगल्या पत्र्यात शिरल्याबिगर टाका धरत न्हाई, बाळा.”

या कामाचं सारं शास्त्र त्या एका वाक्यात आहे. पत्रा मुळात जेमतेम एक मिलिमीटरचा. गंजाने खाल्लेल्या कडेला वेल्डिंगची तार टेकली की धातू जुळून येण्याऐवजी वितळून गळतो आणि भोक मोठं होत जातं. तुमच्या हाताला किती सवय आहे याच्याशी त्याचा संबंध नसतो. तिथे जुळून यायला धातूच उरलेला नसतो. चकचकीत पांढरं लोखंड लागेपर्यंत मागे सरकायचं. हळहळ वाटते, तरी सरकायचं.

पण कापण्याआधी बरंच काही असतं. सीटा, गालिचे, पेट्रोलची टाकी बाहेर. बॅटरी बाहेर, जुन्या एमजीबीत सीटांच्या मागे सहा-सहा व्होल्टच्या दोन असतात आणि त्यांच्या खालचे पाळणेही बहुधा ॲसिडने खाल्लेले निघतात. आग विझवायचं नळकांडं हाताशी. मग दाराच्या चौकटीत बिजागरीच्या खांबापासून कुलपाच्या खांबापर्यंत चौकोनी नळी वेल्ड करून आडवी घालायची, आणि एका वेळी एकच बाजू उघडायची. आधाराविना दोन्ही सिल कापल्या तर उघडी गाडी मध्येच खचते. दाराच्या मागच्या कडेला वरची फट मिटते, खालची उघडते. तशा अवस्थेत नवी सिल जोडली की ते वाकडेपण कायमचं. म्हणून दार पुन्हापुन्हा लावून बघायचं. फटीवरून बोट फिरवायचं. बोटाला जे कळतं ते मोजपट्टीला कळत नाही असं मामा म्हणतात, आणि माझा त्यावर विश्वास बसला आहे.

बाहेरचा पत्रा सुटून हातात आला तेव्हा आत काळसर चिखल आणि पापुद्रे होते. ते खरवडल्यावर मधल्या पत्र्याच्या कडेला ठिपक्यांची रांग दिसली, कारखान्यातल्या स्पॉट वेल्डिंगची. या गाड्यांच्या बॉड्या स्विंडनला जोडल्या जात. ठिपके सारख्या अंतरावर चालले होते. मध्येच दोन अगदी जवळ पडलेले, बहुधा कुणाचा तरी हात क्षणभर रेंगाळला असेल. पन्नासहून अधिक वर्षांत ते कुणी पाहिले नव्हते. मी बराच वेळ टॉर्च धरून बघत बसलो.

घरच्या कामात ते स्पॉट मशीन नसतं. वरच्या पत्र्याला सहा-आठ मिलिमीटरची भोकं पाडायची, दोन्ही पत्रे चिमट्यांनी घट्ट आवळायचे आणि भोकातून खालच्या पत्र्याला धरून वेल्डिंग भरत यायचं. एक टाका इथे, दुसरा लांब तिकडे. सलग मारत गेलं तर पत्रा तापून त्याला बाक येतो. काचेतून बघताना प्रकाशाच्या मधोमध एक ओला ठिपका असतो. तो भोकाच्या कडेला टेकून पसरला की ट्रिगर सोडायचा. लाल, मग जांभळट, मग राखाडी. नंतर पुन्हा दुसऱ्या टोकाला.

नवे पत्रे अजून मिळतात, ही या गाडीची पुण्याई. कारखाना बंद पडल्यावर पत्रे घडवायचे डाय भंगारात जायचे, पण ब्रिटिश मोटर हेरिटेज या कंपनीने मूळचे डाय शोधून गोळा केले आणि 1988 साली एमजीबीची अख्खी नवी बॉडी पुन्हा बनवायला घेतली. त्याच बॉडीत फेरफार करून पुढे 1992 मध्ये एमजी आरव्ही8 ही गाडी लोकांसमोर आली. जे दिसत नाही, ज्याची जाहिरात होत नाही, तो मधला उभा पत्रा आणि ती दातेरी पट्टीसुद्धा त्यांच्याकडे मिळते. गाड्या जपण्यासाठी याहून मोठं काम कुणी केल्याचं मला माहीत नाही.

हे सगळं घरी का करायचं? वर्कशॉपमध्येही प्रामाणिक कारागीर असतात. पण तिथे तास मोजले जातात, आणि आतली कड घासून पांढरी करण्यात गेलेला तास गिऱ्हाइकाला दाखवता येत नाही. घरी तास मोजायला कुणी नसतं. जुळणाऱ्या पृष्ठभागांना वेल्डिंगआधी जस्ताचा प्रायमर, सांध्यांना सीलर, आणि रंग पूर्ण वाळल्यावर लांब नळीने सिलच्या पोटात मेण. मेण खालच्या भोकांतून ठिबकायला लागलं की समजायचं, सगळीकडे पोचलं. इथे 40 वर्षांवरच्या, मोठे फेरफार न केलेल्या गाड्यांना वार्षिक एमओटी तपासणीची सक्तीही आता नाही. म्हणजे आतलं काम बरं झालंय की नाही हे बघणारा मालक एकटाच. ते ओझं मला मोलाचं वाटतं. शेजारी बसणाऱ्या माणसाचा सीटबेल्टही या सिलच्या जवळच बांधलेला असतो.

जुनी गाडी घ्यायला गेलात तर रंगाकडे नंतर बघा. आधी गुडघ्यावर बसा, चुंबक घेऊन सिलवरून फिरवा. लांबी जाड असेल तिथे तो धरणार नाही. आणि गाडी जुनी नसेल, अलिबागला किंवा रत्नागिरीला अंगणात उभी असलेली साधी हॅचबॅक असेल, तरी एक करा. दारांच्या खालच्या कडेला आणि सिलच्या तळाला बारीक भोकं असतात, पाणी जायला. ती चिखलाने बुजतात. पावसाळ्याआधी एकदा आणि नंतर एकदा, काडीने मोकळी करा.