पुरेसा प्रकाश

छातीच्या क्ष-किरण-चित्रासाठीं आम्ही नुकतेच यंत्रापुढें उभे राहिलों. आमच्या आधींचे गृहस्थ स्थूल, आम्ही काटकुळे. तरी दोघांसाठीं वेळ निराळी ठरवावी लागली नाहीं. देहापलीकडचा आयनकोष्ठ पार आलेले किरण मोजतो. पुरेसे पोंचतांच यंत्र थांबतें. १९४२ सालीं शिकागोस रसेल मॉर्गन यांनीं प्रकाशविद्युत्-घटाच्या साह्यानें हीच युक्ति साधली होती. मात्र कोष्ठ देहाबाहेर उघडा राहिला, तर त्याचें माप तत्काळ भरतें आणि चित्र अपुरें राहतें. हें ऐकून आम्ही चपापलों. पहिल्या बांकावरील माना डोलतांच विवेचन आवरावयाचें, ही आमची तीस वर्षांची रीत! मागच्या बांकापर्यंत किती पोंचलें, तें आम्हीं कधीं मोजलेंच नाहीं.